अळीचं नाव कळलं, मग पुढे काय?

तुमचा प्रश्न मला असा समजला. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तुम्ही बार्शी रस्त्याकडेच्या एका शेतात मेलेल्या शेळीवरच्या अळ्या गोळा केल्या. बहुतेक फॉर्मॅलिनमध्ये ठेवल्या, चार-पाच चुकून स्पिरिटमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्ये, गेल्या. फॉर्मॅलिनमधल्यांचा पीसीआर, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या प्रती काढायची क्रिया, काही केल्या लागत नाही. स्पिरिटमधल्या एकीचा सिक्वेन्स, म्हणजे डीएनएतल्या अक्षरांचा क्रम, मिळाला आणि डेटाबेसने ९९ टक्के जुळणी दाखवून एका माशीचं नाव दिलं. आता तुम्ही विचारता की एवढ्यावरून मृत्यूची वेळ सांगता येईल का, आणि डीएनए इतकं सरळ नाव देत असेल तर अळ्या वाढवून माशी काढायचा, सूक्ष्मदर्शकाखाली डोळे फोडायचा खटाटोप लोक अजून का करतात.

वेळ सांगता येणार नाही, हे आधी सांगून टाकते. डीएनएनं तुम्हाला फक्त नाव दिलंय, तेही बहुधा बरोबर, खात्रीनं नव्हे. खटाटोप का करतात याचं उत्तर मात्र लांब आहे, कारण ते अळी कोणी, कशी, कुठल्या बाटलीत उचलली यावर अवलंबून आहे. मी प्राणिशास्त्र शिकवते, आणि सोलापुरात आल्यापासून शवागारातून, कधी थेट उसाच्या फडातून आलेल्या अळ्या पाहते आहे. जे लिहिते ते त्या अनुभवातून. थंड प्रदेशात काम करणारा माणूस काही मुद्दे वेगळे मांडेल.

मुळात नाव हवं कशाला? मेलेल्या जनावरावर किंवा माणसावर माशी अंडी घालते, अंड्यातून अळी निघते, अळी दोनदा कात टाकून तिसऱ्या टप्प्याला येते, मग खाणं सोडून मातीत शिरते आणि कोष करते. हा प्रवास किती तासांचा हे दोन गोष्टींवर ठरतं: माशीची जात आणि तापमान. सापडलेली सर्वांत मोठी अळी कुठल्या टप्प्याला आहे हे पाहून आपण उलटे तास मोजतो आणि 'निदान इतक्या वेळापूर्वी माशी इथे आली होती' असं म्हणतो. जात चुकली तर मोजायची पट्टीच चुकते. सोलापूरकडे शवावर मला सर्वांत जास्त दिसते ती क्रायसोमाया मेगासेफाला, म्हणजे लाल मोठ्या डोळ्यांची निळसर हिरवी माशी. मासळी बाजारात आणि मे महिन्यात आंब्याच्या गाड्यांवर घोंघावते ती हीच. साधारण २७-२८ अंशांना अंड्यापासून माशी उडेपर्यंत तिला दहा दिवसांच्या आसपास लागतात. तिच्या पाठोपाठ क्रायसोमाया रुफिफेसीज येते, तिची अळी केसाळ, काटेरी दिसते. शिवाय ल्युसिलिया वंशाच्या हिरव्या माशा आणि राखाडी पट्ट्यांच्या मांसमाशा, म्हणजे सार्कोफॅगाचं कुळ.

यातली मांसमाशी अंडी घालतच नाही, ती जिवंत अळ्या सोडते. म्हणजे तिच्या अळीला तुम्ही मेगासेफाला समजून मोजलं तर अंडी फुटायला लागणारा जो काळ तिच्या बाबतीत नव्हताच, तो हिशोबात धरला जातो. उन्हाळ्यात हा काळ अर्ध्या दिवसाच्या आसपास असतो, आणि 'संशयित त्या रात्री गावात होता की नाही' असा प्रश्न असताना अर्धा दिवस फार मोठा. रुफिफेसीजची भानगड वेगळी आहे. तिची अळी दुसऱ्या टप्प्यापासून इतर माशांच्या अळ्या खायला लागते. तुम्ही चार दिवसांनी पोहोचलात तर आधी आलेल्या मेगासेफालाचा पुरावा तिनं फस्त केलेला असू शकतो, आणि उरलेल्या केसाळ अळ्यांवरून काढलेला काळ खऱ्यापेक्षा कमी निघतो.

आता तुमचा 'डोळे फोडण्या'चा मुद्दा. तिसऱ्या टप्प्याची अळी धडधाकट असेल, तर शेपटीकडची श्वासरंध्रं आणि तोंडातला काळा हाडासारखा सांगाडा पाहून अनुभवी माणूस बऱ्याचदा वंशापर्यंत, कधी जातीपर्यंत पोहोचतो. वाढलेली केसाळ रुफिफेसीज तर भिंगातूनच ओळखू येते. पण अंडं, पहिल्या टप्प्याची अळी, अर्धवट चिरडलेली अळी, रिकामा कोष हे सूक्ष्मदर्शकाला फारसं काही सांगत नाहीत. मांसमाशीच्या अळ्या तर जवळजवळ सगळ्या सारख्याच, आणि प्रौढ माशीतही जात ठरवायला नराची जननेंद्रियं पाहावी लागतात. मादी हाती आली तर बसा कपाळाला हात लावून. यासाठी आम्ही पूर्वीपासून अळ्या वाढवायचो: कलेजीवर सोडायच्या, कोष करू द्यायचे, माशी निघाली की ओळखायची.

ही पद्धत किती ठिसूळ आहे ते मी एका मे महिन्यात शिकले. शुक्रवारी अळ्या आल्या, मी त्या इन्क्युबेटरमध्ये २८ अंशांवर लावल्या आणि घरी गेले. शनिवारी लाइट गेली ती रविवारी दुपारी आली. जनरेटरची जोडणी आमच्या विभागाकडे नव्हती. सोमवारी दार उघडलं तेव्हा सगळ्या अळ्या मेलेल्या, काही वाळलेल्या. तपास अधिकाऱ्याला काय सांगायचं? त्याच दिवशी मला डीएनएची खरी किंमत कळली. मेलेली, वाळलेली अळी माशी होऊ शकत नाही, पण तिच्या पेशीत नाव लिहिलेलं असतं. सुदैवानं थोड्या अळ्या मी आधीच स्पिरिटमध्ये टाकल्या होत्या. आमच्या जुन्या सरांची ती सवय होती, मला तेव्हा तो उगाच पसारा वाटायचा.

नाव लिहिलेलं असतं म्हणजे काय, ते थोडं सांगते. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचं स्वतःचं छोटं डीएनए असतं आणि प्रत्येक पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात, त्यामुळे खराब नमुन्यातही ते टिकण्याची शक्यता केंद्रकातल्या डीएनएपेक्षा जास्त. त्यातल्या सायटोक्रोम ऑक्सिडेज एक या जनुकाचा ६५८ बेसचा (म्हणजे अक्षरांचा) तुकडा, ज्याला आपण सीओआय म्हणतो, बहुतेक कीटकांत जातीगणिक बदलतो. तो उचलायचे प्रायमर, म्हणजे पीसीआरला सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे, १९९४ साली फोल्मर आणि सहकाऱ्यांनी दिले आणि आजही बहुतेक प्रयोगशाळांत तेच चालतात. त्याच साली कॅनडात स्पर्लिंग, अँडरसन आणि हिकी यांनी मृत्यूचा काळ ठरवण्याच्या कामात माशांच्या अळ्या डीएनएवरून ओळखता येतात हे दाखवलं. पुढे २००३ साली ग्वेल्फ विद्यापीठातल्या पॉल हेबर्ट यांच्या गटानं हाच तुकडा सगळ्या प्राण्यांसाठी 'बारकोड' म्हणून मांडला. आज तुम्ही सिक्वेन्स टाकता तो जेनबँक किंवा बोल्ड या संग्रहात.

तुकडा अळीच्या कुठल्या भागातून घ्यायचा हे विद्यार्थ्यांना कोणी सांगत नाही, म्हणून इथे जरा थांबते. पूर्ण अळी चिरडू नका. एक तर मग नमुनाच उरत नाही, आणि उद्या कोणी विचारलं की 'ही अळी दाखवा' तर दाखवायला काय राहिलं? दुसरं, अळीच्या पोटात तिनं खाल्लेलं असतं. पोटातला डीएनए मिसळला की रुफिफेसीजची अळी तपासून मेगासेफालाचा सिक्वेन्स हाती यायचा, कारण तिनं तीच खाल्लेली. माझ्याकडे एकदा एकाच अळीच्या सिक्वेन्सच्या आलेखात जागोजागी दोन-दोन शिखरं, म्हणजे एकाच जागी दोन अक्षरं, आली होती. मी प्रायमर बदलले, तापमान बदललं, आठवडा घालवला. शेवटी पोटाची पिशवी काढून टाकली आणि फक्त मधल्या भागाच्या कातडीचा, स्नायूचा तुकडा घेतला, तर स्वच्छ निघाला. तेव्हापासून नियमच करून टाकला: डोकं आणि शेपूट बाटलीत परत, कारण ओळखीची चिन्हं तिथेच असतात, आणि डीएनए मधल्या भागाच्या कातडीतून. प्रौढ माशी असेल तर एक पाय पुरतो.

आता तुमच्या ९९ टक्क्यांकडे येऊ. हा आकडा पाहून हायसं वाटतं, ते मीही अनुभवलंय. पण तो आकडा इतकंच सांगतो की संग्रहात तुमच्या सिक्वेन्ससारखा एक सिक्वेन्स आहे. त्या सिक्वेन्सला नाव ज्यानं दिलं त्याची माशी बरोबर ओळखलेली होती का, हे तो सांगत नाही. जेनबँकमध्ये चुकीच्या नावानं चढवलेले सिक्वेन्स आहेत, सगळ्यांना माहीत आहे. म्हणून पहिली एक नोंद पाहून थांबायचं नाही, निदान पहिल्या वीस-पंचवीस नोंदी उघडून पाहायच्या. सगळ्या एकाच नावाच्या आहेत का? मध्येच दुसऱ्या जातीची नोंद ९८.८ वर बसली आहे का? नमुना कुठल्या देशातला, आणि माशी कुठल्या संग्रहालयात ठेवली आहे असं लिहिलंय का? बऱ्याच ब्लो-फ्लाय, म्हणजे क्रायसोमाया-ल्युसिलियासारख्या, माशांत एकाच जातीतला फरक एक टक्क्याच्या आत राहतो आणि दोन जातींतला त्याहून बराच जास्त. पण 'बऱ्याच' हा शब्द इथे महत्त्वाचा.

नेमकी अपवाद असलेली माशी आपल्याकडे आहे. ल्युसिलिया कुप्रिना आणि ल्युसिलिया सेरिकाटा या दोघींचा संकर होतो, आणि हवाई बेटांवरच्या काही कुप्रिना माशांचं मायटोकॉन्ड्रियल डीएनए सेरिकाटाच्या बाजूला जाऊन बसतं. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतात, म्हणजे कधीकाळी झालेल्या संकरातली आजीबाई तेवढी दिसते आणि बाकीचं कूळ दिसत नाही. अशा वेळी केंद्रकातलं दुसरं जनुक, उदाहरणार्थ २८ एस, सोबत तपासावं लागतं. तुमची जुळणी ल्युसिलियाची असेल तर एका जनुकावर अहवाल लिहू नका. मेगासेफाला आली असेल तर थोडे निर्धास्त राहा, फक्त तिच्या जवळच्या बहिणीही संग्रहात आहेत ना, एवढं बघून घ्या. संग्रहात जी जात नाहीच, तिचं नाव संगणक देणार कुठून? तो जवळच्या कोणाचं तरी देतो.

आणखी एक सोपी तपासणी आहे, पाच मिनिटांची, पण लोक ती टाळतात. मिळालेला सिक्वेन्स अमिनो आम्लांत वाचून पाहा, अपृष्ठवंशी प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियल संकेतानुसार. मध्येच 'थांबा'ची खूण आली तर तो खरा मायटोकॉन्ड्रियाचा तुकडा नसून त्याची केंद्रकात जाऊन पडलेली जुनी, निकामी प्रत असण्याची शक्यता मोठी. नेहमीचा मानवी किंवा जिवाणूंचा संकेत निवडलात तर नसत्या जागी 'थांबा' दिसेल आणि चांगला सिक्वेन्स फेकून द्याल. ही चूक माझ्या एका विद्यार्थिनीनं केली होती, आणि तिनं फेकलेला सिक्वेन्सच बरोबर होता.

मग आपण काय करावं? माझं मत स्पष्ट आहे: आपल्या जिल्ह्यातल्या माशा आपणच पकडाव्यात, आपणच ओळखाव्यात, त्यातल्या संशयास्पद पुण्याला आकुर्डीत भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात तज्ज्ञांना दाखवाव्यात, आणि त्या ओळखलेल्या माशांचे सिक्वेन्स आपल्या कपाटात ठेवावेत. मी गेली काही वर्षं एका खोक्यात टाचणीवर लावलेल्या माशा आणि प्रत्येकीच्या एका पायाचा सिक्वेन्स अशी वही ठेवली आहे. अक्कलकोट रस्ता, हिप्परगा तलावाची कडा, सांगोल्याकडची डाळिंबाची शेतं, मंगळवेढ्याची काळी जमीन. दिसायला ती बालवाडीची वही वाटते. पण शवावरची अळी आली की मी जगभरच्या संग्रहाआधी ती वही उघडते.

आता फॉर्मॅलिन. तुमची चूक फार जणांची आहे, वाईट वाटून घेऊ नका. फॉर्मॅलिन प्रथिनं आणि डीएनए एकमेकांना घट्ट शिवून टाकतं आणि वेळ जाईल तसा धागा तुटत जातो. त्यामुळे ऊतक छान टणक राहतं, पाहायला उत्तम, पण ६५८ बेसचा अखंड तुकडा मिळणं अवघड. पूर्ण आशा सोडायची गरज नाही. प्रोटिनेज के हे प्रथिनं तोडणारं विकर जास्त वेळ लावून, नंतर गरम करून डीएनए काढा आणि १००-२०० बेसचे छोटे तुकडे उचलणारे प्रायमर वापरा. रिकाम्या कोषांसाठीही आम्ही तेच करतो. मिळालं तर मिळालं. नाही मिळालं तर त्या अळ्यांचा उपयोग सूक्ष्मदर्शकासाठी करा, त्या वाया गेलेल्या नाहीत.

पुढच्या वेळी मात्र अशा घ्या. सर्वांत मोठ्या अळ्या शोधा, आणि फक्त अंगावर शोधू नका. कोष करायला निघालेल्या अळ्या दूर जाऊन मातीत शिरतात, तेव्हा आजूबाजूची माती पाच-सात सेंटिमीटर उकरा. निम्म्या अळ्या उकळत्याच्या जवळपास गरम पाण्यात अर्धा मिनिट धरा, म्हणजे त्या ताणलेल्या राहतात, काळ्या पडत नाहीत आणि लांबी मोजता येते. मग ८० टक्के स्पिरिटमध्ये. काही अळ्या थेट ९५ टक्क्यांच्या वरच्या स्पिरिटमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी ते स्पिरिट बदला, कारण अळीतलं पाणी बाहेर येऊन ते पातळ होतं, आणि बाटली फ्रीजरमध्ये. रंगकामाच्या दुकानातलं निळसर स्पिरिट आणू नका, त्यात घातलेली द्रव्यं डीएनएला मानवत नाहीत. बाकीच्या अळ्या जिवंत, कलेजीच्या तुकड्यासह, तळाला भुसा आणि झाकणाला भोकं असलेल्या डब्यात. तो डबा बंद जीपमध्ये ठेवून चहाला जाऊ नका. मे महिन्यात सोलापुरात बंद गाडीच्या आत अळ्या शिजतात. आणि चिठ्ठी पेन्सिलनं लिहून बाटलीच्या आत टाका. बॉलपेनची शाई स्पिरिटमध्ये उतरते, मग चार बाटल्या चार बिनानावाच्या.

शवविच्छेदनाच्या वेळी व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले आतले अवयव, मिठाच्या संपृक्त द्रावणात जातो, त्या बरणीत अळ्या टाकू नयेत, त्यांची बाटली वेगळी. एका ठिकाणाहून माझ्याकडे आलेल्या अळ्या थेट फॉर्मॅलिनच्या मोठ्या बरणीत होत्या, वरून सील, सही, सगळं यथास्थित. माणसं कामात चोख होती, फक्त अळीचं काय करायचं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञानं घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. राज्यांना ती अमलात आणायला पाच वर्षांची मुदत दिलेली आहे. त्या पथकाच्या पेटीत दोन छोट्या बाटल्या स्पिरिटच्या आणि एक थर्मामीटर असावा, एवढीच माझी मागणी असते.

थर्मामीटर म्हटलं म्हणून सांगते, माझ्या कामाचा बहुतेक वेळ डीएनएवर जात नाही, तापमानावर जातो. हिशोब कसा चालतो ते एका काल्पनिक माशीवर बघा. समजा तिची वाढ १० अंशांखाली थांबते, आणि तिसऱ्या टप्प्याला यायला तिला १००० अंश-तास (१० अंशांच्या वरचे अंश गुणिले तास) लागतात. सरासरी ३० अंश असेल तर दर तासाला २० अंश-तास जमा होतात, म्हणजे ५० तास. सरासरी २५ असेल तर ६६ तासांहून जास्त. पाच अंशांची चूक झाली की सोळा तासांहून जास्त फरक पडतो, माशीचं नाव शंभर टक्के बरोबर असूनही. आणि पाच अंशांचा फरक सोलापुरात कुठे नसतो? वेधशाळेचा आकडा शहरातला. अंग सापडतं उसाच्या फडात, जिथे पाणी दिलेलं असतं आणि ऊन खाली उतरत नाही, नाहीतर माळावर, जिथे दुपारी मुरमावर हात ठेवता येत नाही. म्हणून घटनास्थळी तीन ते पाच दिवस तापमान नोंदवणारं छोटं यंत्र लावायचं आणि ते आकडे वेधशाळेच्या त्याच दिवसांच्या आकड्यांशी जुळवून मागचे दिवस काढायचे. अळ्यांचा मोठा गोळा झाला की तो स्वतःच आजूबाजूपेक्षा गरम होतो, ते वेगळंच.

आणि एप्रिल-मेमध्ये हा सरळ हिशोबही मोडतो. पारा चाळिशीच्या वर गेला की वाढ वेगानं होण्याऐवजी मंदावते, अळ्या मरतात, अंडी वाळतात. उघड्या माळावरचं अंग अळ्यांनी संपण्याआधी वाळून चामडं होतं आणि अळ्या खालच्या, जमिनीला टेकलेल्या ओलसर बाजूला सरकतात. युरोपात मोजलेले वाढीचे तक्ते अशा उन्हाला लावायचे नाहीत. त्यासाठी इथल्या माशा, इथल्या तापमानाला वाढवून तयार केलेले तक्ते लागतात. अळ्या वाढवायचा खटाटोप आम्ही अजून का करतो, याचं खरं उत्तर हे आहे.

बाकी अडचणी भरभर सांगते. माशा सहसा उजेडात अंडी घालतात, त्यामुळे रात्री झालेल्या मृत्यूचं घड्याळ सकाळी सुरू होतं. अंग चादरीत घट्ट गुंडाळलेलं असेल, आणि आपली सोलापुरी चादर किती जाड असते ते मी सांगायला नको, तर माशीला उशीर होतो. बंद खोलीत मोठ्या माशा शिरू शकत नाहीत, फटीतून शिरणाऱ्या बारीक माशाच फक्त दिसतात. ग्रामीण भागात कीटकनाशक पिऊन झालेले मृत्यू आपण सगळे वर्तमानपत्रात वाचतो, आणि ऑर्गॅनोफॉस्फेट अंगात असेल तर माशी उशिरा बसते किंवा अळ्या मरतात. या सगळ्यामुळे आम्ही मृत्यूची वेळ सांगत नाही, 'माशी बसल्यापासून किमान इतका काळ' एवढंच सांगतो.

आनुवंशिकी फक्त नावापुरती आहे असं मात्र समजू नका. अळीच्या पोटातल्या अन्नातून माणसाचा डीएनए काढता येतो. अळी दुसरीकडे सापडली आणि ती याच शवावर वाढली का असा प्रश्न असेल तर याचा उपयोग होतो. मेक्सिकोत जळून ओळख पटेनाशा झालेल्या एका शवाची ओळख अळ्यांच्या पोटातल्या डीएनएवरून पटवल्याचं प्रसिद्ध झालेलं आहे. दुसरं काम कोषावर चाललंय. कोष बाहेरून दिवसेंदिवस सारखाच दिसतो, आत माशी घडत असते. त्या काळात कुठली जनुकं किती सक्रिय आहेत हे मोजून कोषाचं वय काढायचे प्रयत्न टॅरोन आणि फोरान यांनी ल्युसिलिया सेरिकाटावर केले आहेत. इथे आनुवंशिकी खरोखर वेळेकडे वळते. पण त्यासाठी आरएनए, म्हणजे सक्रिय जनुकाची नक्कल, लागतो, तो डीएनएपेक्षा कितीतरी नाजूक, आणि आपल्या उन्हात, आपल्या वाहतुकीत तो टिकवणं मला अजून जमलेलं नाही.

न्यायालयात याचं काय होतं तेही सांगते. माझं मत तज्ज्ञाचं मत म्हणून ऐकलं जातं. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ४५ होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं ३९. एकदा उलटतपासणीत वकील साहेबांनी विचारलं, "मॅडम, डीएनए शंभर टक्के बरोबर असतो ना?" मी म्हटलं, नावाबाबत खूप खात्री आहे. "मग वेळही शंभर टक्के?" मी गडबडले आणि समजावायला लागले, लांबलं, आणि ते हसून म्हणाले, "म्हणजे सांगता येत नाही." आता मी अहवालातच तीन वेगळे परिच्छेद लिहिते: अळी कुठली आणि ते कशावरून, तापमान कुठून घेतलं, आणि या दोन्हींवरून किमान काळ किती ते किती. तिन्हींची खात्री वेगवेगळी आहे, ती वेगवेगळी लिहिली की कोणी एकीची दुसरीला चिकटवू शकत नाही.

तर तुमच्या प्रकल्पाला मी असं वळण देईन. शेळीवरून मृत्यूची वेळ काढायचा विषय सोडा, शेळी कधी मेली हे मालकालाही नक्की माहीत नसेल. त्याऐवजी सावलीत एक आणि उन्हात एक अशी दोन आमिषं ठेवा, शेजारी तापमानाचं यंत्र, आणि कुठली माशी किती तासांनी येते ते लिहा. काही अळ्या वाढवून माशी काढा, त्याच अंड्यांच्या पुंजक्यातल्या काहींचा सीओआय करा, आणि दोन्हींचं नाव जुळतं का पाहा. जुळलं तर तुमच्याकडे बार्शीच्या माशांचे पक्के ओळखलेले सिक्वेन्स असतील, आणि त्यातले थोडे मला पाठवलेत तर माझ्या वहीत तुमच्या नावानं लावीन.

आमिषाला कोंबडीची कलेजी पुरते, पाव किलो. पण दुकानातून आणली की लगेच बाहेर मांडू नका, आधी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. माझा नेहमीचा दुकानदार मला पाहिलं की विचारतो, "ताई, आज घरासाठी का अळ्यांसाठी?" आणि अळ्यांसाठी म्हटलं की प्रेमानं कालची, स्वस्तातली देतो. त्या कालच्या कलेजीवर त्याच्या दुकानातल्या माशीनं अंडी आधीच घातलेली असतात. पहिल्या वर्षी मी तीन आठवडे शेतात बसून त्या दुकानातल्याच माशांचं वेळापत्रक लिहीत होते.